युद्ध, पुत्रशोक आणि केटे कोलवित्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धात मुलगा गमावलेल्या आणि त्या शोकातून पुढची तीस वर्षे चित्रे व शिल्पे घडवत राहिलेल्या केटे कोलवित्स या जर्मन कलावतीविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्राथमिक माहितीचे प्रश्न आधी आणि वादाचे किंवा अडचणीचे नंतर, असा साधारण क्रम आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. केटे कोलवित्स कोण होत्या, आणि त्यांच्या नावाचा उच्चार नेमका कसा करायचा?

जर्मन भाषेत 'थ' हा उच्चार नाही. त्यामुळे 'कॅथे' किंवा 'केथे' असे न म्हणता 'केटे कोलवित्स' म्हणणे मूळ उच्चाराच्या अधिक जवळचे आहे. त्यांचा जन्म ८ जुलै १८६७ रोजी पूर्व प्रशियातील क्योनिग्सबेर्ग या शहरात झाला, जे आज कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. वडील कार्ल श्मिट बांधकामाच्या व्यवसायात होते आणि समाजवादी विचारांचे होते. आईचे वडील युलिउस रुप हे अधिकृत चर्चपासून फारकत घेऊन स्वतंत्र धर्मसभा स्थापन करणारे धर्मोपदेशक होते. कला अकादमीची दारे तेव्हा स्त्रियांना बंद असल्यामुळे केटे यांनी बर्लिन आणि म्युनिक येथील स्त्रियांसाठीच्या कलाशाळांमध्ये शिक्षण घेतले. १८९१ मध्ये डॉक्टर कार्ल कोलवित्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ते दोघे बर्लिनच्या प्रेन्त्स्लाउअर बेर्ग या कामगारवस्तीत राहायला गेले. तेथे कार्ल यांचा दवाखाना होता आणि केटे यांची पुढील पन्नासहून अधिक वर्षे त्याच घरात गेली. त्यांना दोन मुलगे झाले : हान्स (१८९२) आणि पेटर (१८९६).

विणकरांच्या उठावावरील त्यांची चित्रमालिका १८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, तेव्हा ज्येष्ठ चित्रकार आडोल्फ मेन्त्सेल यांनी तिला सुवर्णपदक देण्याची शिफारस केली होती, परंतु सम्राट दुसरा विल्हेल्म याने ती फेटाळली. १९१९ मध्ये त्याच केटे यांना प्रशियन कला अकादमीचे सदस्यपद आणि प्राध्यापक ही उपाधी मिळाली. सम्राट तोपर्यंत गादी सोडून परदेशी गेला होता.

२. याला 'मातृशोक' म्हणायचे की 'पुत्रशोक'?

हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही, कारण चुकीच्या शब्दाने अर्थ थेट उलटा होतो. मराठीत 'मातृशोक' म्हणजे आई गेल्याचे दुःख. आईला मूल गेल्याचे जे दुःख होते, त्याला आपण 'पुत्रशोक' म्हणतो. तोच शब्द येथे योग्य आहे. मात्र पुत्रशोक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर प्राण सोडणारा दशरथ येतो, किंवा रणांगणावर मुलांची प्रेते पाहून कृष्णाला शाप देणारी गांधारी येते. कोलवित्स यांचा शोक यांपैकी कोणत्याही साच्यात बसत नाही, कारण त्यांना शाप द्यायला दुसरे कोणी सापडत नव्हते. त्याचे कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

३. त्यांना अभिव्यक्तिवादी चित्रकार म्हणावे का?

अर्धवट 'हो' हेच प्रामाणिक उत्तर आहे. दिसणाऱ्या जगापेक्षा आतून जाणवलेले मांडणाऱ्या जर्मन अभिव्यक्तिवादाचे दोन प्रमुख गट होते, ड्रेस्डेन येथे १९०५ मध्ये सुरू झालेला 'पूल' आणि म्युनिक येथे १९११ मध्ये उभा राहिलेला 'निळा घोडेस्वार'. कोलवित्स या दोहोंपैकी कोणत्याही गटात नव्हत्या. वयाने त्या या गटांतील बहुतेक तरुण चित्रकारांपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या आणि त्यांची घडण निसर्गवादात, मुख्यतः माक्स क्लिंगर यांच्या रेखाचित्रांच्या व एचिंगच्या (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेल्या चित्रांच्या) प्रभावाखाली झाली होती. रंगांचे स्फोट, विकृत केलेली शहरे, मुखवटे यांपैकी काहीही त्यांच्याकडे नाही. रंग तर त्यांनी जवळजवळ सोडूनच दिला. १९१६ च्या रोजनिशीत त्यांनी स्टुडिओत जन्मून स्टुडिओतच राहणाऱ्या कलेविषयी नापसंती नोंदवली आहे, आणि तेव्हा त्यांच्या मनात बऱ्याच अंशी हेच तरुण चित्रकार होते.

तरीही १९२० नंतर त्यांनी लाकडाच्या ठशांवर जे काम केले, त्याची भाषा अभिव्यक्तिवादाचीच आहे. तपशील गाळून उरलेला आकार, पार्श्वभूमी नसणे, हात आणि चेहरा यांना दिलेले अवास्तव महत्त्व, आणि दिसणाऱ्या जगापेक्षा सोसलेल्या अनुभवाला दिलेले प्राधान्य ही तिची लक्षणे आहेत. एर्न्स्ट बारलाख आणि विल्हेल्म लेमब्रुक या दोन शिल्पकारांशेजारी त्यांना ठेवले, तर त्या उपऱ्या वाटत नाहीत. लेमब्रुक यांनी युद्धकाळात लष्करी रुग्णालयात काम केले, १९१५-१६ मध्ये 'कोसळलेला' हे शिल्प घडवले आणि १९१९ मध्ये आत्महत्या केली. लेबल कोणते लावावे यावर फार वेळ घालवण्यात मला स्वतःला रस नाही. या तिघांच्या कृतींत युद्धाने वाकवलेले शरीर किती वेगवेगळ्या प्रकारे दिसते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

४. पेटर कसा गेला? आईनेच त्याला युद्धावर पाठवले, हे खरे आहे का?

होय, आणि हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा पेटर अठरा वर्षांचा होता आणि मित्रांबरोबर नॉर्वेमध्ये सुट्टीवर गेला होता. तो परत आला आणि स्वयंसेवक म्हणून भरती होण्याचा हट्ट धरून बसला. एकवीस वर्षे पूर्ण नसल्यामुळे त्याला वडिलांची परवानगी आवश्यक होती आणि वडिलांनी ती नाकारली. मातृभूमीला तुझी अजून गरज नाही, असती तर तिने तुला बोलावले असते, असे कार्ल म्हणाले. पेटरने उत्तर दिले की मातृभूमीला माझ्या वयाच्या तुकडीची गरज नसेल, पण माझी आहे. त्यानंतर तो काही न बोलता आईकडे पाहत राहिला. १० ऑगस्टच्या नोंदीत केटे यांनी लिहिले आहे की त्या उठल्या, दाराशी त्यांनी आणि पेटरने एकमेकांना जवळ घेतले, आणि मग त्यांनी पेटरच्या वतीने कार्ल यांची विनवणी केली. त्याने मला या त्यागापर्यंत ओढत नेले आणि आम्ही दोघांनी कार्लला, अशा अर्थाचे वाक्य त्या नोंदीत आहे.

आज वाचताना हे अनाकलनीय वाटते. परंतु त्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील समाजवादी खासदारांनीसुद्धा युद्धकर्जाच्या बाजूने मतदान केले होते, आणि पेटरसारखी तरुण मुले युद्धाकडे स्वार्थाच्या पलीकडे नेणारे काहीतरी उदात्त म्हणून पाहत होती. आईला मुलाच्या त्या निर्मळपणाचा अवमान करायचा नव्हता. ऑक्टोबरच्या मध्यावर त्याची तुकडी निघाली आणि २२ ऑक्टोबरच्या रात्री बेल्जियममध्ये, डिक्समाउडे गावाजवळ, तो मारला गेला. घर सोडल्याला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. ३० ऑक्टोबरला घरी पत्र आले. 'तुमचा मुलगा पडला', एवढीच त्या दिवसाची नोंद आहे. 'पडला' हा युद्धात मेलेल्यांसाठी जर्मन भाषेत वापरला जाणारा शब्द.

५. पेटर जाण्याच्या अकरा वर्षे आधीच त्यांनी मृत मुलाला कवटाळलेली आई कशी काढली? ही पूर्वसूचना म्हणायची का?

'मृत मुलासह स्त्री' हे १९०३ चे एचिंग पाहून अनेकांना असे वाटते. या चित्रात आई मांडी घालून बसलेली आहे, मूल तिच्या छातीशी गच्च दाबलेले आहे, आणि तिचा चेहरा त्याच्या देहात असा खुपसलेला आहे की ती त्याला पुन्हा आपल्या आत घेऊ पाहते आहे असे वाटावे. त्यात माणसापेक्षा जनावर अधिक दिसते. योगायोग असा की या चित्रासाठी सात वर्षांचा पेटरच आईच्या हातात होता. आरशासमोर त्याला धरून त्या स्वतःचेच रेखाटन करत होत्या. श्रमाने त्या कण्हल्या, तेव्हा मुलाने त्यांना धीर दिला की उगी राहा आई, हे खूप सुंदर होणार आहे. हे चित्र प्रदर्शनात पाहून त्यांची मैत्रीण बेआटे बोनुस-येप हादरली आणि छोट्या पेटरला काही झाले की काय, असा प्रश्न तिला पडला.

पूर्वसूचना वगैरे मानण्याचे कारण मात्र नाही. केटे लहान असताना त्यांचा धाकटा भाऊ बेन्यामिन गेला होता, त्याआधी आईची पहिली मुलेही दगावली होती, आणि त्या आईचा न बोललेला शोक घरात सतत जाणवत असे. नवऱ्याच्या दवाखान्यात येणाऱ्या कामगार स्त्रियांकडे पाहिले, तर मूल दगावणे ही त्या वस्तीत अपवादाची गोष्ट नव्हती. १९०७ च्या सुमाराचे, सोळाव्या शतकातील जर्मन शेतकरी युद्धावरील मालिकेतील 'रणभूमी' हे चित्रही येथे आठवावे. त्यात रात्रीच्या अंधारात एक वाकलेली स्त्री कंदील घेऊन प्रेतांमध्ये आपला मुलगा शोधते आहे आणि तिचा हात एका मृत चेहऱ्याला लागला आहे. हा विषय त्यांच्याकडे आधीपासून होता. पेटर गेल्यावर तो विषय राहिला नाही, घरचा झाला, आणि मजेची गोष्ट अशी की त्यानंतर बराच काळ त्यांना तो जमेनासा झाला.

६. 'शोकमग्न माता-पिता' हे स्मारक पूर्ण व्हायला अठरा वर्षे का लागली?

पेटरच्या स्मारकाची पहिली कल्पना १ डिसेंबर १९१४ ची आहे, म्हणजे मृत्यूची बातमी येऊन जेमतेम महिना झाल्याची. त्या आराखड्यात पेटरचा देह आडवा होता, वडील डोक्याशी आणि आई पायाशी. बर्लिनजवळ हाफेल नदीच्या काठी उंचावर ते उभारावे आणि त्यातून तरुण स्वयंसेवकांच्या बलिदानाचा गौरव व्हावा, असे त्यांच्या मनात होते.

अडचण कौशल्याची नव्हती. युद्ध लांबत गेले, पेटरचे मित्रही एकामागून एक मारले गेले, आणि ज्या बलिदानाचा गौरव करायचा त्यावरचा केटे यांचा विश्वास उडत चालला. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्या रोजनिशीत मृत मुलाला विचारतात की आता मला या युद्धात केवळ वेडेपणा दिसतो, तर हा तुझ्याशी केलेला विश्वासघात ठरेल का? माझ्या मते त्यांच्या साऱ्या उत्तरायुष्याची गाठ या प्रश्नात आहे. युद्ध निरर्थक म्हटले तर मुलाचे मरण निरर्थक ठरते, आणि परवानगी मिळवून देणारी आपणच. ते सार्थ म्हटले तर आणखी हजारो मुलांना त्याच वाटेने पाठवावे लागते. गौरवाचे स्मारक या कोंडीत उभे राहणे शक्यच नव्हते. जून १९१९ मध्ये त्यांनी ते काम थांबवले, आणि थांबवताना, मी परत येईन, हे काम तुझ्यासाठी आणि इतरांसाठी पूर्ण करीन, असे मुलाला लिहून ठेवले.

त्या १९२० च्या दशकाच्या मध्यावर खरोखरच परतल्या, तेव्हा मधला मृत देह गळून पडला होता. उरले होते ते गुडघे टेकलेले दोघे. जून १९२६ मध्ये नवराबायको बेल्जियममधील रोगेवेल्डे येथील दफनभूमीत गेले. तारेच्या कुंपणात बुटके पिवळे लाकडी क्रूस होते. त्यांनी रानगुलाबाची तीन फुले तोडून पेटरच्या क्रूसापाशी ठेवली. शिल्पे कोठे बसवायची हे त्यांनी तेथेच ठरवले. १९३२ मध्ये ग्रॅनाइटमधील दोन्ही मूर्ती आधी बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात ठेवण्यात आल्या आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये रोगेवेल्डेच्या दफनभूमीत बसवण्यात आल्या. पुढे १९५६ मध्ये त्या परिसरातील जर्मन सैनिकांच्या कबरी व्लाड्सलो येथे एकत्र करण्यात आल्या आणि शिल्पेही तेथे हलवण्यात आली. त्या एका दफनभूमीत २५ हजारांहून अधिक सैनिक आहेत. जमिनीलगतच्या प्रत्येक सपाट फरशीवर साधारण वीस नावे कोरलेली आहेत आणि त्यांपैकी एक नाव पेटरचे आहे.

शिल्पाकडे पाहताना दोन गोष्टी सुटू नयेत. एक म्हणजे दोघे जण दोन स्वतंत्र चौथऱ्यांवर आहेत आणि त्यांच्यामध्ये जागा मोकळी सोडलेली आहे. दुसरी म्हणजे गुडघे टेकण्याची ती मुद्रा. ख्रिस्ती परंपरेत गुडघे प्रार्थनेसाठी टेकतात हे खरे, पण येथे समोर देव नाही, मुलांच्या कबरी आहेत. आईबापांची एक पिढी आपल्याच मुलांची क्षमा मागत आहे, असे मला ते शिल्प वाचावेसे वाटते. ते बसवल्यावर केटे आईच्या मूर्तीसमोर उभ्या राहिल्या, तिच्या जागी त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला, आणि रडत रडत त्यांनी तिच्या गालांवरून हात फिरवला, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे.

७. 'युद्ध' ही मालिका काय आहे, आणि ती लाकडाच्या ठशांतच का केली?

१९२१-२२ मध्ये केलेली आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही सात चित्रांची मालिका आहे. 'बलिदान', 'स्वयंसेवक', 'आईबाप', 'विधवा' या नावाची दोन, 'माता' आणि 'जनता' अशी तिच्यातील चित्रांची नावे आहेत. त्याआधी त्यांनी हाच विषय धातूच्या पत्र्यावर एचिंगने आणि दगडावर लिथोग्राफने करून पाहिला, आणि दोन्ही वेळा त्यांचे समाधान झाले नाही. जून १९२० मध्ये एका प्रदर्शनात बारलाख यांचे काष्ठठसे त्यांनी पाहिले आणि मार्ग सापडला.

कारण तंत्रात आहे. एचिंगमध्ये तुम्ही पांढऱ्या कागदावर काळी रेघ वाढवत जाता, तिच्यात छटा असतात, हळुवारपणा असतो. लाकडाच्या ठशात उलट होते. गुळगुळीत फळी शाई लावली तर पूर्ण काळी उमटते. जे पांढरे हवे तेवढेच कोरून काढायचे, म्हणजे सुरुवात अंधारापासून होते आणि प्रत्येक घाव थोडा उजेड आत सोडतो. किती सोडायचा हाच प्रश्न. 'आईबाप' या चित्राच्या एका अवस्थेविषयी त्यांची तक्रार अशी होती की ते फार उजळ, फार कठीण आणि फार स्पष्ट झाले आहे, वेदना तर पूर्ण काळोखी असते. अखेरच्या रूपात गुडघे टेकलेले दोघे एकमेकांत इतके मिसळले आहेत की कोणाचा हात कोठे संपतो हे सांगता येत नाही. हेच दोघे व्लाड्सलोच्या दगडात एकमेकांपासून तुटून बसले आहेत (प्रश्न ६). कागदावर शोकाने एक केलेले जोडपे दगडात वेगळे का झाले, यावर हवा तेवढा विचार करावा.

'बलिदान' मध्ये एक विवस्त्र स्त्री डोळे मिटून आपले तान्हे मूल दोन्ही हातांनी पुढे धरते आहे. कोणाला देते आहे ते दिसत नाही. प्रश्न ४ वाचून मग हे चित्र पाहिले, तर ते सोसवत नाही. 'स्वयंसेवक' मध्ये मृत्यू ढोल बडवत पुढे चालला आहे आणि तरुण मुले तोंडे वासून, जणू समाधी लागल्यासारखी, त्याच्यामागे खेचली जात आहेत. मृत्यूला अगदी खेटून असलेला मुलगा पेटर आहे. 'माता' मध्ये बायकांनी एकमेकींना इतके घट्ट धरले आहे की त्यांचा एकच काळा ढिगारा झाला आहे, ज्यातून मुलांचे चेहरे मधेच बाहेर डोकावतात. याच विषयाचा लिथोग्राफ फेब्रुवारी १९१९ मध्ये, पेटरच्या वाढदिवशी, त्यांनी केला होता आणि त्यात आपण हान्स आणि पेटरसह आहोत असे लिहिले होते.

८. युद्धावरील मालिका म्हणता, पण तिच्यात खंदक, तोफा, शत्रू असे काहीच दिसत नाही. असे का?

निरीक्षण अचूक आहे. सातांपैकी केवळ 'स्वयंसेवक' या चित्रात लढायला निघालेले कोणी दिसते, आणि तेही रणांगणावर पोचलेले नाहीत. ओटो डिक्स यांनी १९२४ मध्ये 'युद्ध' याच नावाने ५० एचिंग प्रसिद्ध केली. त्यांत खंदक, विषारी वायू, सडणारी प्रेते, वेडे झालेले सैनिक हे सारे आहे, कारण ते स्वतः तोफखान्यात आणि मशीनगनवर होते आणि त्यांनी ते पाहिले होते. कोलवित्स यांनी पाहिले ते टपालाने आलेले पत्र आणि रिकामी खोली. पेटरची खोली त्यांनी होती तशी ठेवली होती आणि नाताळात तेथे त्याच्यासाठी झाड उभारले जाई. युद्धाचा तोच भाग त्यांना ठाऊक होता. फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांना ऑक्टोबर १९२२ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्या म्हणतात की युद्धाला आकार देण्याचा प्रयत्न मी पुन्हा पुन्हा केला, आणि ही चित्रे जगभर फिरावीत व सर्वांना सांगावे की आम्ही हे असे सोसले. दोन्ही मालिका शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीने दुसरी अनावश्यक ठरत नाही.

९. मग त्या युद्धाच्या बाजूने होत्या की विरोधात? दोन्ही प्रकारचे दाखले सापडतात.

तारखा पाहिल्या की घोळ मिटतो. १९१४ मध्ये त्यांनी परवानगी मिळवून दिली (प्रश्न ४). १९१६ मध्ये त्यांना युद्धात वेडेपणा दिसू लागला, पण उघड बोलण्याची हिंमत होत नव्हती (प्रश्न ६). ऑक्टोबर १९१८ मध्ये, जर्मनी हरते आहे हे स्पष्ट झाले असताना, कवी रिखार्ड डेमेल यांनी आणखी स्वयंसेवकांना पुढे येण्याचे आवाहन केले. तेव्हा कोलवित्स यांनी 'फोरव्हेर्ट्स' या समाजवादी दैनिकात त्यांना जाहीर उत्तर दिले की पुरे झाले मरण, आता आणखी एकही पडता कामा नये. १९२४ मध्ये लाइपत्सिग येथील तरुणांच्या मेळाव्यासाठी त्यांनी 'पुन्हा युद्ध नको' हे भित्तिपत्रक केले, ज्यातील हात वर उंचावलेला मुलगा आजही शांतता मोर्चांमध्ये दिसतो. हा प्रवास दहा वर्षांचा आहे. त्यांना जन्मजात शांततावादी ठरवणारे लेखन पहिल्या टप्प्यावर पांघरूण घालते, आणि त्यामुळे पुढच्या टप्प्यांची किंमतच कळत नाही.

१०. 'बियाणे दळायचे नसते' या वाक्याचा अर्थ काय?

मूळ वाक्य जर्मन महाकवी गटे यांचे आहे. कोलवित्स यांनी डेमेल यांना दिलेल्या उत्तराचा शेवट त्याने केला होता. शेतकऱ्याच्या घरात कितीही दुष्काळ पडला तरी पेरणीसाठी राखलेले दाणे जात्यात घालत नाहीत, कारण ते मोडून खाल्ले तर पुढच्या वर्षी शेत मोकळे राहते. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जर्मनीच्या मुलांना त्यांनी हे बियाणे म्हटले.

दुसरे महायुद्ध सुरू असताना, डिसेंबर १९४१ मध्ये, त्यांनी याच वाक्यावर आपला अखेरचा लिथोग्राफ करायला घेतला. त्यात एक म्हातारी आई आपले भक्कम हात तीन मुलांवर पसरून बसली आहे आणि मुले मात्र त्या हातांखालून मिस्कीलपणे बाहेर पाहत आहेत, त्यांना पळायचे आहे. १९१४ मध्ये दाराशी उभी राहिलेली आई आणि ही आई यांच्यातील अंतर मोजायचे तर हे एक चित्र पुरेसे आहे. सप्टेंबर १९४२ मध्ये हान्सचा मुलगा, म्हणजे त्यांचा नातू, रशियाच्या आघाडीवर मारला गेला. काकाच्या आठवणीसाठी त्याचे नाव पेटर ठेवले होते.

११. बर्लिनच्या 'नोये वाखे' मधील पिएता शिल्प त्यांचेच ना? मग त्यावर वाद का आहे?

'पिएता' म्हणजे मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेल्या मेरीची प्रतिमा. मूळ शिल्प त्यांचेच आहे, पण तुम्ही बर्लिनमध्ये पाहता ते नाही. १९३७-३८ मध्ये, नाझी राजवटीत, त्यांनी सुमारे ३८ सेंटिमीटर उंचीचे एक छोटे शिल्प घडवले. १९३३ मध्येच त्यांना अकादमीतून बाहेर पडावे लागले होते, आणि १९३६ मध्ये अकादमीच्या प्रदर्शनातून त्यांच्या व बारलाख यांच्या कृती हटवण्यात आल्या होत्या. म्हणजे हे काम कोणी पाहील अशी आशा न ठेवता चालले होते. २२ ऑक्टोबर १९३७ च्या नोंदीत, म्हणजे पेटरच्या स्मृतिदिनी, त्या लिहितात की हे पिएतासारखे काहीतरी झाले आहे. मुलगा आईच्या गुडघ्यांमध्ये, मांडीत पडला आहे, आणि हे आता दुःख राहिलेले नाही, चिंतन झाले आहे.

१९९३ मध्ये जर्मन सरकारने हाराल्ड हाके या शिल्पकाराकडून याची सुमारे चौपट मोठी प्रतिकृती करवून घेतली आणि राष्ट्रीय स्मृतिस्थळ म्हणून नोये वाखेमध्ये बसवली. छताला मध्यभागी गोल उघडे छिद्र आहे, त्यामुळे पाऊस आणि बर्फ थेट आईच्या अंगावर पडतो. आक्षेप प्रामुख्याने तीन होते. घरात हाताशी ठेवायच्या मापाची, खाजगी स्वरूपाची वस्तू राष्ट्राच्या मापाची केली, हा पहिला. पिएता ही ख्रिस्ती प्रतिमा आहे, तिच्यात मारल्या गेलेल्या ज्यूंना जागा कोठे, हा दुसरा. आणि 'युद्ध व जुलमी सत्तेचे बळी' या एकाच शब्दप्रयोगात मारणारे आणि मारले गेलेले एका ओळीत येतात, हा तिसरा. इतिहासकार राइनहार्ट कोसेलेक यांनी हेही दाखवून दिले की त्या युद्धात लक्षावधी स्त्रिया स्वतः मारल्या गेल्या आणि या शिल्पात स्त्री केवळ शोक करण्यासाठी जिवंत आहे. शेवटी प्रवेशद्वारापाशी बळींच्या गटांची नावे सांगणारा स्वतंत्र फलक लावण्यात आला.

मला हे सर्व आक्षेप पटतात, आणि तरीही त्या रिकाम्या दालनात शिल्पाच्या ताकदीला उणेपणा येतो असे वाटत नाही. फक्त ते कोणाच्या वतीने बोलते, हे पाहणाऱ्याने स्वतःला विचारत राहावे.

१२. बारलाख यांच्या तरंगत्या देवदूताचा चेहरा कोलवित्स यांचाच आहे का?

होय, आणि तो तसा होईल असे आपण ठरवले नव्हते असे बारलाख यांचे म्हणणे होते. ग्युस्ट्रोच्या कॅथेड्रलमध्ये १९२७ मध्ये टांगलेला हा ब्राँझचा देवदूत पहिल्या महायुद्धातील मृतांचे स्मारक होता. १९३७ मध्ये तो काढून नेण्यात आला आणि पुढे वितळवण्यात आला. साचा वाचल्यामुळे दुसरी प्रत ओतता आली, जी आज कोलोनच्या आंटोनिटर चर्चमध्ये आहे. १९५३ पासून ग्युस्ट्रोमध्येही पुन्हा देवदूत आहे.

१३. आशियात आणि भारतात या कामाचे काही पडसाद उमटले का?

चीनमध्ये ते सर्वांत थेट उमटले. फेब्रुवारी १९३१ मध्ये शांघाय येथे रौ शी या तरुण लेखकाला गोळ्या घालण्यात आल्या. त्याची आई अंध होती आणि मुलगा अजून जिवंत आहे असेच तिला सांगितले जात होते. ख्यातनाम चिनी लेखक लू शून यांनी त्याच्या स्मृतीसाठी शोकलेखाऐवजी कोलवित्स यांचे 'बलिदान' हे चित्र एका मासिकात छापून आणले. १९३६ मध्ये त्यांनी कोलवित्स यांच्या चित्रांचा संग्रह प्रकाशित केला, आणि चीनमधील नव्या काष्ठठसा चळवळीने तो पाठ्यपुस्तकासारखा वापरला.

भारतात हा धागा बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाशी जोडलेला आहे. तो दुष्काळ युद्धकाळातील होता, म्हणून येथे त्याचा उल्लेख अस्थानी नाही. चित्रकार चित्तप्रसाद यांनी मिदनापूर जिल्ह्यात हिंडून रेखाटलेली उपाशी माणसे, आणि पुढे शिल्पकार सोमनाथ होर यांची भेगाळलेली शरीरे, यांच्यावर कोलवित्स यांचा प्रभाव मानला जातो. चित्तप्रसाद स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईला आले आणि त्यांनी आयुष्याचा मोठा काळ अंधेरीत काढला, हे मुंबईकरांनाही फारसे ठाऊक नसते. होर यांनी व्हिएतनामच्या आयांना डोळ्यांसमोर ठेवून १९७७ मध्ये आई आणि मुलाचे मोठे ब्राँझ शिल्प घडवले होते. ते शांतिनिकेतनच्या कलाभवनातून चोरीला गेले आणि परत मिळाले नाही.

१४. ही चित्रे आणि शिल्पे प्रत्यक्ष कोठे पाहता येतील?

कोलोन आणि बर्लिन येथे त्यांच्या नावाची स्वतंत्र संग्रहालये आहेत. ड्रेस्डेनजवळच्या मोरिट्सबुर्ग येथील ज्या घरात २२ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला जेमतेम पंधरवडा असताना, त्यांचा मृत्यू झाला, तेथेही संग्रहालय आहे. 'शोकमग्न माता-पिता' साठी व्लाड्सलोलाच जावे लागते, तथापि कोलोनमधील युद्धात उद्ध्वस्त झालेल्या आल्ट सांक्ट आल्बान चर्चच्या अवशेषांत त्याची प्रतिकृती आहे. ठसाचित्रांच्या अनेक प्रती निघत असल्यामुळे 'युद्ध' मालिका जगातील कित्येक मोठ्या संग्रहालयांत सापडते.

१५. सगळे आईविषयीच बोलतात. वडिलांचे काय?

हा प्रश्न कमी येतो आणि तो अधिक यायला हवा. 'नाही' म्हणाले होते ते कार्ल. त्यांनी परवानगी दिली ती पत्नीने शब्द टाकला म्हणून, आणि त्यानंतर १९४० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तिच्यासोबत त्याच घरात राहिले. त्यांनी रोजनिशी लिहून मागे ठेवली नाही, चित्रे काढली नाहीत, त्यामुळे त्यांच्या शोकाची साक्ष देणारी एकच गोष्ट आहे, आणि तीही केटे यांच्या हातची : व्लाड्सलो येथील वडिलांची मूर्ती. आई वाकून जवळजवळ जमिनीकडे झुकली आहे. वडील मात्र ताठ आहेत, दोन्ही हात छातीवर आवळून धरले आहेत, आतले काही बाहेर पडू नये म्हणून बांधून ठेवल्यासारखे. त्यांचा चेहरा कार्ल यांचा आहे, आणि त्यांची नजर समोरच्या त्या फरशीकडे आहे जिच्यावर इतर नावांमध्ये पेटरचे नाव कोरलेले आहे.